सही करण्याआधी

प्रिय सूनबाई,

हो, झालं तिचं पोट साफ. काल दुपारी, पाच दिवसांनी. तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तीनदा हवापाण्यावर घसरले, कारण भिंगरी शेजारीच पडलेली असते. तेरा वर्षांच्या पोरीच्या पोटाची अशी जाहीर चौकशी झाली की ती रुसून कूस बदलते. म्हणजे बदलायची. आता बिचारीला रुसायलाही माणूस लागतं. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट धरतं, हे तू सांगून गेली होतीस, म्हणून तुझ्या नवऱ्याला जुलाबाचं औषध आणायला पाठवलं. एवढा लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करणारा गडी, पण औषधवाल्यासमोर लाजला आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी आला. मग मीच गेले आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं मागितलं. माझा मुलगा आहे, पण बनवताना काहीतरी राहून गेलंय, हे तुला मी लग्नाआधीच सांगायला हवं होतं.

पत्र बघून हसशील. सातवी पास बाईचं अक्षर, ऱ्हस्वदीर्घ तू तुझे लावून घे. पण फोनवर बोलले की पोरगी ऐकते, आणि ती झोपली असेल तेव्हा तू तिकडे कंपनीत मशीनवर असतेस. शिवाय तोंडाने बोलायला गेले की माझी गाडी आपोआप थट्टेकडे वळते. कागदावर जरा धरून ठेवता येते. बघू किती वेळ.

तू विचारलंस, जमतंय का. जमतंय म्हण. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवते, पाठीच्या ऑपरेशननंतर तू शिकवलंस तसंच. गुडघे आधी वाकवायचे, माझा एक हात तिच्या खांद्याला, एक कमरेला, आणि एक दोन तीन म्हणून ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम. खांदा पुढे आणि कंबर मागे असं झालं तर आत काय होईल ते डॉक्टरांनी मला सांगितलंच नाही, त्यामुळे माझ्या डोक्याने वाटेल ते रचलंय. तीन म्हणताना मी श्वास धरते. ते तिच्या लक्षात आलंय. काल म्हणाली, आज्जी, तू श्वास धरतेस म्हणून मला भीती वाटते, मला एरवी नाही वाटत. मग आता मी तीन म्हणताना तोंडाने हवा सोडते, सायकलच्या ट्यूबसारखी, आणि ती हसते, आणि हसली की टाके ओढतात. म्हणजे तेही बंद करायला हवं.

बाकी तुझ्या नवऱ्याने बाथरूममध्ये भिंतीला दांडी ठोकून दिलीय, पलंग उंच केलाय. पॅसेजमध्ये सकाळी आठ फेऱ्या, संध्याकाळी आठ. मी इस्त्रीच्या टेबलामागे उभी राहून मोजते, गिऱ्हाइकांचे शर्ट करत. ती चार सेंटिमीटर उंच झालीय हे तुला माहीतच आहे, पण तिचे सगळे झगे आखूड झालेत हे बघायला तू नव्हतीस. फुशारकी मारते, म्हणे आज्जी, आता मी तुझ्यापेक्षा उंच. मी म्हटलं, माझ्या पाठीत दोन सळ्या आणि वीस स्क्रू घाला, मीही होते. तर म्हणाली, टायटॅनियम आहे ते, तुला परवडणार नाही.

अशी बोलते. आणि मी पाठ फिरवून टेबलाशी जाते आणि इस्त्री कापडावर तशीच विसरते. चाळीस वर्षं तापलेली इस्त्री धरलेले हात, कधी गिऱ्हाइकाची साधी ओढणी जाळली नाही मी. तिच्या पाठीवरची ती मानेखालपासून कमरेपर्यंतची रेघ मला अजून नीट बघवत नाही. तिला सांगते, छान भरलीय. खरं तर मी तिच्या कानाकडे बघत असते.

तुला त्या दिवसाचं आठवतं ना, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी बसवून सांगितलेलं. हजारात एखाद-दुसऱ्याचे पाय जातात, तुमच्या मुलीचे जाणार नाहीत, पण सांगणं माझं काम आहे. तू मान हलवलीस, तुझ्या नवऱ्याने सही केली, आणि मी त्या एखाद-दुसऱ्याला धरून बसले. पुढचे सात तास मी त्या बाकावर तुझ्याशेजारी होते, तू समजत होतीस म्हातारी जप करतेय. मी मोजत होते. हजार माणसं एका ओळीत उभी केली आणि आपली कितवी ते शोधत होते. मग नर्स बाहेर येऊन म्हणाली, बोटं हलवली तिने. तू रडलीस. मला रडूही आलं नाही, कारण मला वाटलं, आज हलवली, उद्याचं काय.

ते वाटणं अजून गेलेलं नाही. घरी दिवसातून पंधरा वेळा मी तिची बोटं हलवून घेते. सरळ सांगितलं तर ती चिडते, म्हणून युक्त्या करते. तळव्याला गुदगुल्या करते, मोजे घालते, मोजे काढते, माशी बसली म्हणते. परवा म्हणाली, आज्जी, आपल्या घरात माश्या फक्त माझ्या पायावरच का बसतात. तिच्या उजव्या मांडीवर हाताएवढी जागा अजून बधिर आहे. व्यायामवाल्या ताई म्हणतात, येईल जाग. मी रोज त्या जागेवर बोट ठेवून विचारते, कळतंय का. रोज म्हणते, नाही. तुझ्याशी फोनवर मी म्हटलं होतं, कमी होतंय. होत नाहीये गं. वाढतही नाहीये. तेवढं खोटं बोलले, ते इथे दुरुस्त करते.

आता त्या कागदाचं. तुझी कंपनी अजून एक वर्ष ठेवून घेतेय, मोठ्या मशीनवर घालतेय, पहिल्या तारखेला सही पाहिजे. तू म्हणालीस, आई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त करते. फोन ठेवल्यावर मी शर्टाची एकच कॉलर तीनदा दाबली.

गुरुवारी काय झालं ते सांगते. तिला दुपारी खाली बसायचं होतं, टेबलाजवळ, जमिनीवर, पहिल्यासारखं. माझ्या पायाशी बसून कपड्यांच्या घड्या करायची सवय तिची. वाकायचं नाही, पिळायचं नाही, खाली बसायचं नाही, हे भिंतीवर तुझ्या अक्षरात लिहून चिकटवलंय. तिने ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, आज्जी, पाच मिनिटं, आपल्या दोघींत. बास. एवढंच म्हणाली. आणि मी सतरंजी काढली. झटकली, घातली, कोपरा सरळ केला. तिच्या काखेत हात घातला. तिचा गुडघा वाकायला लागला, तिचा चेहरा एकदम पांढरा पडला, आणि तोंडातून असा आवाज आला जो मी पूर्वी ऐकला नव्हता. मी तिला तशीच वर धरली. कशी धरली मला माहीत नाही. पलंगावर आडवी केली, बोटं हलवून घेतली, दहाच्या दहा. हलली. तिचा बाप आल्यावर दवाखान्यात फोन केला त्याने, ताप नाही, पाय ठीक आहेत, जखम कोरडी आहे, तर घाबरू नका, पुन्हा करू नका, सोमवारी या म्हणाले. त्याला मी सांगितलं, ती घसरत होती, मी सावरली. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तेरा वर्षांची. किती सराईतपणे हलवली म्हणून सांगू.

तेव्हा मला खरी भीती वाटली. सळ्यांची नाही, स्क्रूची नाही. माझी. तू सही करू नकोस. तिकडून ये, नाहीतर तिला तिकडे ने, नाहीतर पगार देऊन कुणी खाष्ट बाई ठेव जी नाही म्हणू शकते. तिला माझ्यावर सोडू नकोस.

का, ते आता लिहिते, आणि लिहिलं की लगेच पाकीट बंद करणार आहे, नाहीतर फाडीन. पाठीचा बाक अठ्ठावीस अंशांवरून बावन्नवर गेला तेव्हा तू बाक थांबवायचा तो प्लास्टिकचा पट्टा बनवणाऱ्याला शिव्या घातल्यास, की माप चुकवलंत म्हणून. मग रात्री मला म्हणालीस, आई, माझ्याच अंगातून आलं असेल, नाहीतर मी जवळ नव्हते म्हणून झालं असेल. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना पट्टा घालूनही वाढतो. त्या वाक्याला मी महिनाभर लोंबकळतेय. पण तिने पट्टा घातलाच नव्हता गं. दिवसाचे बावीस तास घालायचा होता. शाळेतून आली की रडायची, बरगडीवर लाल वळ दाखवायची, पोरं त्या प्लास्टिकवर टकटक करतात म्हणायची, आणि मी मागचे बंद सोडायचे. बाप यायच्या आत परत बांधायचे. पोट दुखतंय म्हणाली की झोपतानाही नाही. बावीसचे चौदा व्हायचे, कधी बारा. दीड वर्ष. पट्ट्याच्या आतून घालायच्या गंज्या न वापरता मी धुऊन इस्त्री करून ठेवायचे, तुला फोटोत रोज वापरून धुतल्यासारख्या दिसाव्यात म्हणून. डॉक्टरांच्या वहीत रोज बावीस लिहिलेत, ते अक्षर माझं आहे. तिची दया आली म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आले. दया होतीच. पण तू लांबून घाल घाल म्हणायचीस आणि मी काढायचे, आणि तिला तुझ्यापेक्षा मी आवडायला लागले होते. ते मला सोडवेना.

तुझीच,
सासू