आईचा अलार्म आणि मागची खोली

४ ऑक्टोबर, भंडारा
एकोडीला जाऊन आईच्या घरी यंत्रे बसवून आलो. माजघरात बाबांच्या फोटोशेजारी कॅमेरा, आईच्या मनगटावर बटण असलेले घड्याळ. ती पडली तर ते आपोआप ओरडते, बटण दाबले तरी ओरडते, आणि ते ओरडणे थेट माझ्या फोनवर येते. आई एकटी राहते, घर सोडायला तयार नाही. माझा हेतू स्वच्छ: वृद्धांनी स्वतःच्या घरी स्वतंत्र जगावे. या विषयावर मी लेखही लिहिले आहेत. त्यांतला एक छापून आला.

मात्र करार केला. अलार्म एकदा जरी वाजला, तरी त्याच दिवशी सामान बांधायचे आणि माझ्याकडे भंडाऱ्याला यायचे. आई म्हणाली, बरं, चालते.

इतक्या लवकर कसे चालले? संशयास्पद.

जुनाच संकल्प, नव्याने: तिच्यासाठी इथली मागची खोली रिकामी करणे. तिथे माझ्या बातम्यांची कात्रणे आहेत. अजून कापायची आहेत, म्हणजे तूर्त अख्खी वर्तमानपत्रेच आहेत.

५ ऑक्टोबर, सकाळी
चित्र उत्तम. आई झाडते आहे. पण कॅमेऱ्यासमोरून जाताना डोक्यावर पदर घेते. काय लपवते? फोन करून विचारले. म्हणाली, तुह्या बाजूले व्याही बसले असन त?

बाजूला पाहिले. माझी बायको राखी, तिचे वडील वरठीहून आलेले, माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होते. योगायोग. त्यांना चहाला आत पाठवले.

९ ऑक्टोबर
मी संशयी नाही. वार्ताहराची नजर वेगळी, संशय वेगळा.

शेजारचा टेकचंद रोज दुपारी येतो, सरळ स्वयंपाकघरात जातो, तिथे कॅमेरा पोचत नाही, आणि झाकणाचा डबा घेऊन बाहेर पडतो. आईला विचारले. म्हणे, तो पाणी भरून देते, त्याले भाजी देतो आपण. ठीक. पण भाजीवर झाकण कशाला?

न्यायशास्त्रात प्रमाणे चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. टेकचंदला ट्रॅक्टरच्या वाटेसाठी आमचे परसू हवे आहे, हे अनुमान झाले. प्रत्यक्ष मिळवायचे आहे. स्वयंपाकघरात दुसरा कॅमेरा लावू का, विचारले. आई म्हणाली, चुलीपाशी तुह्या बापानं कधी डोकावलं नाही, तू कायले डोकावते?

खोली: दिवाळीच्या सफाईत होऊनच जाईल. वेगळा वेळ कशाला घालवा.

१४ ऑक्टोबर
कॅमेऱ्यातून बोलताही येते, हे आज कळले. एका शोकसभेच्या वार्तांकनाला गेलो होतो. फोनवर टेकचंद डबा घेऊन निघताना दिसला. बटण दाबून दरडावले, टेकचंद, डब्यात काय आहे? शोकसभा माझ्याकडे वळली. तिकडे टेकचंद दचकलासुद्धा नाही. बाबांच्या फोटोसमोर उभा राहून शांतपणे म्हणाला, काका, तुमचा टिकाराम कामधंदा सोडून माहा डबा पाहून राहिला. त्याले सांगा, वांगे हायेत.

निर्दोष माणूस इतका शांत नसतो.

दिवंगतांचे नाव नंतर दुसऱ्या वार्ताहराला विचारून घेतले.

१८ ऑक्टोबर
सकाळी ॲप काढून टाकले. वैराग्य. जेवणाआधी परत घातले, कारण वैराग्य आणि निष्काळजीपणा यांत फरक असतो.

राखी विचारते, तुम्हाले आई पाह्याची हाये का चोर पकडाचा हाये? म्हणालो, आईचा योगक्षेम पाहतो आहे. ती म्हणाली, मंग दिवाळीत जाऊन या, तिथंच भेटन तुम्हाले योगक्षेम. दिवाळीत पुरवण्यांचे काम असते. पत्रकारितेबाहेरच्या माणसांना हे समजावणे कठीण.

आईचाही फोन होता. मंडईले येशीन का? गावच्या जत्रेचे दरवर्षी विचारते. म्हणालो, पाहू. शिवाय आता कॅमेरा आहेच.

२८ ऑक्टोबर
मंडयांचा हंगाम. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दुकाने लागतात, रात्री दंडारीचा खेळ किंवा नाटक. बातमी ठरलेली, मी फक्त गावाचे नाव बदलतो. यंदा सगळ्या आगाऊच लिहून पाठवल्या. शिस्त म्हणजे हीच.

खोली: गठ्ठे वरच्या थरापासून काढावेत की खालच्या, यावर विचार चालू आहे. घाईने निर्णय नको.

२ नोव्हेंबर, सकाळी
अनर्थ. आईच्या घरात अनोळखी माणसे. एक इसम बाबांच्या खाटेवर आडवा पडला आहे. दोन बायका कपाटातून चादरी काढून वाटून घेत आहेत. टेकचंद आमचा स्वयंपाकाचा मोठा गंज डोक्यावर घेऊन बाहेर चालला. भाजीच्या डब्यापासून सुरुवात केली होती, आज गंजापर्यंत आला. आई कुठेच दिसत नाही, फोन उचलत नाही.

प्रत्यक्ष मिळाले.

लगेच पोलीस पाटील धनीरामला फोन लावला. उचलेना. मग तो कॅमेऱ्यातच दिसला. आमच्या माजघरात मांडी घालून जेवत होता. पोलीस पाटीलही सामील.

थोड्या वेळाने
अलार्म वाजला. आईचे घड्याळ.

सदरा उलटा घातला गेला. घाई असावी. राखीचा भाऊ कमलेश गाडी काढतो आहे. निघण्यापूर्वी संपादकांना फोन करून पहिल्या पानावर जागा मागितली: वृद्धेच्या घरावर टोळीचा कब्जा, गाव एकोडी. ते म्हणाले, एकोडीची तुमची बातमी आजच लागली ना, मंडई उत्साहात म्हणून?

२ नोव्हेंबर, दुपारी, एकोडी
मंडई आज आहे.

खाटेवरचा इसम माझा मावसभाऊ निघाला. चादरीवाल्या दोघी मावशीच्या सुना. गंज रश्शाचा. आई अंगणातल्या चुलीवर वडे तळत होती, चांगली धडधाकट. मला पाहून म्हणाली, आला? पाय धू, जेवाले बस.

घड्याळाचे विचारले. म्हणाली, साधा फोन केला का तू पाहू म्हणते, म्हणून दाबली घडी. एवढं बोलून आत गेली आणि बांधलेली पिशवी घेऊन बाहेर आली. वाजली ना घडी? बोलनं म्हणजे बोलनं. वडे होऊ दे, मंग चाल, येतो तुह्यासंगं.

पंगत जेवायची थांबली. कमलेशला गप्प बसता येत नाही. म्हणाला, भाऊजी, त्या खोलीत त सध्या मांजर बी आडवी होत नाही.

अशा वेळी शांत बुद्धी लागते. मी निर्णय दिला. करारातला अलार्म म्हणजे पडल्याचा अलार्म. हा हाताने दाबलेला आहे, सबब ग्राह्य नाही. आईने विचारले, मंग इथंच राहू? म्हणालो, रहा. अन् घडी वाजली तरी? म्हणालो, तरी. धनीराम म्हणाला, पंच आयकून राहिले हो. आई पिशवी आत ठेवून आली आणि माझ्या पानात दोन वडे जास्त वाढले.

आता दंडार पाहूनच जा, असा सगळ्यांचा आग्रह होता. कामाचे कारण सांगितले. कोणते काम, हे कोणी विचारले नाही. बरे झाले.

संध्याकाळी, परतीच्या गाडीत
एकूण प्रयोग यशस्वी. आई स्वतःच्या घरी स्वतंत्र राहू शकते, हे माझ्या यंत्रांनी सिद्ध केले. यावर लेख होईल.

लाखनीच्या अलीकडे सहज ॲप उघडले. सगळे माजघरात बसले होते. मावशी विचारत होती, कुंता, पोरगा खरंच घेऊन गेला असता त वं? आई सुपारी कातरत होती. म्हणाली, कायले नेते तो. केव्हाचा खोली खाली करून राहिला. हे मालूम होतं म्हणूनच त दाबली.

सगळे हसले. टेकचंद जरा जास्तच हसला.

आवाज स्पष्ट येत नव्हता. माईक बदलावा लागेल.