बहिणीचं बोट आणि बेडकाची पिल्लं

मास्तर, तुमच्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला ओळखणारी आता आम्ही दोघंच उरलोय, मी आणि माझी धाकटी बहीण. तिचं तुमच्याविषयीचं मत पक्कं आहे. माझं तेव्हाही डळमळीत होतं, आजही आहे, आणि या वयात मनात खडा घेऊन झोप येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

खरं सांगायचं तर कविता न गुणगुणणारा माणूस मला मुळातच संशयास्पद वाटायचा. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि शाळेत जायचो ते कवितेच्या तासासाठी. गिरणीच्या भोंग्यालासुद्धा मी लघू-गुरू लावून बघायचो. तुम्ही शास्त्र शिकवायचात, तेही खाली मान घालून, आणि राहायचात आमच्याच चाळीत, जिन्याखालच्या खोलीत, एकटे. खिडकीत काचेच्या बरण्या, बरण्यांत तळ्याचं पाणी, पाण्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं. दिवस मार्शल लॉचे होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. डोक्यावर पांढरी गांधी टोपी घालून सोलापुरात बाहेर पडायचं तर छाती लागायची, आणि शेजारी शेजाऱ्याकडे खबऱ्या असल्यासारखा बघायचा. तुमच्या बरण्यांत बाँबचं रसायन आहे असं कुणी म्हणे, कुणी म्हणे मास्तर पोलिसांचा माणूस. समोरच्या, हातमाग चालवणाऱ्या घरातली मावशी मात्र म्हणायची, "काय नाय रे, येडा हाय. बेडकांच्या शेपट्या कापतो आन् पुन्यांदा येत्यात का बगत बसतो."

त्या शेपट्या खरंच पुन्हा यायच्या. एकदा तुम्ही वर्गात फळ्यावर एक प्राणी काढलात. आपल्याकडे तो नाही, म्हणालात. पाल डोळ्यांसमोर आणा, पण ओल्या कातडीची, पाण्यात राहणारी. सॅलॅमँडर. त्याचा पाय तुटला तर पाय येतो, बोटांसकट. पालीच्या शेपटीसारखा फसवा नाही, कारण पालीच्या नव्या शेपटीत मणके नसतात. जखमेवर आधी पातळ कातडी धरते. तिच्याखालचं मांस, हाड आपण कोण होतो ते जणू विसरतं, मऊ होतं, कोंब धरतं, आणि त्या कोंबातून जेवढं गेलं तेवढंच परत घडतं. मनगटापासून तुटलं तर पंजा, कोपरापासून तुटलं तर कोपराच्या पुढचं सगळं. पण जाड कातडी ओढून जखम शिवून टाकली, तर काहीच येत नाही. तुम्ही हे सांगताना पहिल्यांदाच मान वर केलीत, आणि तुमच्या डोळ्यांत जी चमक दिसली ती मला आवडली नाही.

मग तो सुपारीचा दिवस. सणाचं काही होतं, आई आणि मावशी ओसरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. आई पाणी प्यायला उठली आणि चार-पाच वर्षांच्या बहिणीनं तिची नक्कल करत अडकित्ता उचलला. एका बोटाचं टोक नखासकट गेलं. किंकाळी ऐकून मी धावलो. तुकडा कुठं पडला म्हणून शोधतो तर मावशीची कोंबडी चोचीत काहीतरी धरून जिन्याकडे पळत होती. मावशी तशातही ओरडली, "धरा तिला, धरा!" आणि मग तिलाच कळलं की धरून आता उपयोग नाही. आईनं हळद-चुना कालवायला घेतला. तेवढ्यात तुम्ही आलात, आईचा हात धरलात आणि म्हणालात, "चुना नको. उकळलेलं स्वच्छ कापड आणा." परक्या बाईचा हात तुम्ही धरलात, हे चाळ पुढं कितीतरी दिवस चघळत होती.

दवाखान्यातले डॉक्टर भले होते. हाडाचं टोक थोडं छाटून कातडी वरून शिवून टाकू म्हणाले, तशी रीतच होती. गिरणीतून धावत आलेले वडील मान हलवत होते. आणि तुम्ही, ना नात्याचे ना गोत्याचे, दाराशी उभे राहून म्हणालात, "शिवू नका." अजून ते सगळं दिसतं मला. डॉक्टर चष्म्यावरून बघतायत. वडिलांच्या केसांत सूत अडकलंय. बहीण रडून रडून उचक्या देतेय.

"तुमी हे कुणाच्या पोरावर करून बगितलंय का, मास्तर?" वडील विचारतात.

"नाही."

"मग कशावर?"

"बेडकाच्या पिल्लांवर."

"ऐका!" वडील डॉक्टरांकडे वळतात. "माजी पोरगी ह्याची बरणी हाय व्हय?"

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "माणसाचं येतं असं मी म्हणत नाही. पण शिवलं की वाट बंद. स्वच्छ ठेवून उघडं राहू दिलं, तर वाट तरी राहील." डॉक्टर म्हणाले, पिकलं तर सगळं बोट काढावं लागेल, तेव्हा कोण जबाबदार? तुम्ही पुढं वाकून जखमच न्याहाळू लागलात. इथंच माझा संशय पक्का झाला. मला वाटलं, ह्या माणसाला पोरगी दिसत नाही, फक्त बोट दिसतंय.

मग आई पुढं झाली. सांगोल्याकडची ती, शेरडं-मेंढरं बघत वाढलेली. तिनं विचारलं, "मास्तर, मोठ्या बेडकाचं येतं का?"

"नाही. मोठ्याचं येत नाही. पिल्लांचंच येतं."

"मग ही आजून पिल्लूच हाय की," आई म्हणाली, आणि पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर पडली. मागं वडील, त्यांच्यामागं तुम्ही. नवऱ्याचा आणि डॉक्टरांचा शब्द ओलांडून तिनं पोरीचं बोट तुमच्या बेडकांवर टाकलं. पिकलं असतं तर तिला माहेरीसुद्धा तोंड दाखवता आलं नसतं. मावशी म्हणायची, "बग हां, बोट आलं तर येईल, पर पोरगी पावसाळ्यात डराव डराव करंल."

कापड उकळायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही संध्याकाळी यायचात, भिंग घेऊन. पट्टी सोडताना मी बहिणीला शाळेतली कविता चालीवर म्हणून दाखवायचो, ती ठेक्यावर मान हलवायची. तुम्ही ऐकत नव्हता. तुम्ही बोटाकडे बघत होता, मी तुमच्याकडे. आधी लाल, ओलं, बघवेना असं. वडील तुमच्याशी बोलेनासे झाले. मग वर गुलाबी पापुद्रा धरला. मग टोक गोल होऊ लागलं. आई चिमटीत धरून हलकेच दाबायची. पालीच्या शेपटीसारखं पोकळ तर नसेल, ही धास्ती मीच तिच्या मनात घातली होती. आणि एका संध्याकाळी पट्टी सुटली तर टोकावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, पारदर्शक नख.

तुम्ही भिंग खाली ठेवलंत, उंबऱ्यावर बसलात आणि म्हणालात, "अरे, आलं की!"

मास्तर, हेच ते. ज्याला ठाऊक असतं तो असं म्हणत नाही. आई तुमच्या पाया पडायला वाकली, वडील पहिल्यांदा तुम्हाला या-बसा म्हणाले, आणि मी कोपऱ्यात उभा राहून मनाशी म्हणत होतो, ह्याला काहीच ठाऊक नव्हतं. ह्यानं नुसतं बघायचं ठरवलं होतं. पुढं कितीतरी वर्षांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की लहान मुलांच्या बोटाचं टोक न शिवता स्वच्छ ठेवलं तर पुष्कळदा परत येतं, नखासकट. वाचून आनंद व्हायला हवा होता. मला आधी हेच आठवलं, की तुमच्या वेळी हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात बहीण आली होती. हे सगळं तिच्यापाशी काढलं तर हसली. म्हणाली, "तू त्यांच्या डोळ्यांकडं बघत बसलास. मी हाताकडं बघत होते. भिंग धरलेला हात लटलट कापायचा त्यांचा. आईपेक्षा जास्त भ्यायले होते ते." मी म्हटलं, भीती कशाची, पोरीची की प्रयोगाची? ती म्हणाली, "तुला रे काय फरक पडतो? बोट माझं हाय." आणि दोन्ही हात माझ्यापुढं पसरून म्हणाली, "बघ, घे तुझा पुरावा."

मी चष्मा पुसून बघितलं. एक एक बोट, एक एक नख. सुरकुत्या सगळीकडे सारख्या. खूण नाही, वण नाही. ती म्हणाली डाव्या हाताचं. मग थांबून म्हणाली, नाही रे, उजव्या. दोघंही हसलो.

हे पत्र कुठं टाकणार, तुमचा पत्ता तर कुणाकडेच नाही. तेव्हा एवढंच कबूल करतो: तुमच्यावर जन्मभर संशय घेतला, पण ज्या बोटावरून घेतला ते बोट कुठलं, हे मला सांगता येत नाही.