हिरड्यांचा डोंगर, म्हणे पडीक!

लोणावळा, ४ एप्रिल ६८
सकाळपासून वनखात्याच्या नकाशासाठी आंदर मावळचे विमानातून घेतलेले फोटो. स्टिरिओस्कोपच्या भिंगांखाली दोन फोटोंची जोडी ठेवली की डोंगर टेबलावर उठून उभा राहतो. वाडीच्या वरच्या उतारावर मी 'जंगल' अशी खूण केली होती. दुपारी पाहते तर खोडून 'पडीक'! साहेबांना विचारलं. "इमारती लाकूड कुठाय त्यात, बाई? पानसुद्धा दिसत नाही." अहो, फोटो मार्चमधले. मार्चमध्ये हिरड्याला पान कुठून असणार? डोकं तापलंय.

५ एप्रिल
हा उतार आणि शेजारचा उघडा डोंगर, दोन्ही पुन्हा पाहिले. उघड्याखालची खाचरं पांढरीफटक. झाडीच्या उताराच्या पायथ्याशी मात्र काळपट ओल, थेट भाताच्या बांधांपर्यंत. झाडं पाणी धरून ठेवतात, फोटोत धडधडीत दिसतंय. साहेब म्हणे, "ओल बघायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही." पडीक ठरलं की तिथे निलगिरी लावणार. आधी सगळी तोड. हे आज कळतंय, तेही बोलता बोलता!

९ एप्रिल
रजा टाकून वाडीवर गेले. टाकव्यापर्यंत एस.टी., पुढे पायपीट. सगळा उतार कोवळ्या पालवीने भरलेला. हेच ते पडीक. झऱ्यावर लाडूबाई भेटली, हिरडा विकून मीठमिरची भागवणारी म्हातारी. वाटलं होतं, मी हिच्या बाजूची, बरं वाटेल हिला. फोटोचं सांगितलं तर हंडा आदळून उसळली, "म्हंजी तुमीच वरनं बघितलं व्हय आमास्नी? न इचारता?"
"मावशी, मी विरोध केला."
"मंग झाडास्नी चुना कसा लागला? मानसं तोडीच्या खुणा करून गेली की."
संताप तिचा खरा, आणि मी त्याच्या वाटेत उभी. निघताना पाणी पाजलं मात्र. गार, गोड.

११ एप्रिल
नकाशा सहीला आला. नाही केली. साहेब म्हणे, "तुमच्या सहीवाचून अडणार आहे का?" अडणार नाही. तरी नाही केली.
रात्री जेवताना दादा, "नोकरी घालवशील." म्हटलं, ताटातला भात कुठल्या पाण्यावर पिकतो ते कधी विचारलंस? ताट सारून उठला. उठू दे.

१६ एप्रिल
काल वरच्या अंगाची काही झाडं पडली. उरलेल्यांखाली लाडूबाई आणि वाडीच्या बायका जाऊन बसल्यात. हटत नाहीत, म्हणून पुण्याहून मोठे अधिकारी स्वतः बघायला येतायत. आता साहेबांना माझी आठवण! "फोटो घेऊन उद्या तुम्हीही चला. आणि जरा तोंड आवरा."
आवरणार नाही. दोन्ही डोंगरांच्या फोटोंच्या जोड्या आणि स्टिरिओस्कोप पिशवीत भरला. साहेब काय बोलतील ते पाठ आहे. बायका मला झाडाखाली येऊ देतील का, देव जाणे. आणि अधिकारी भिंगाला डोळा तरी लावतील, की घड्याळ बघून परत फिरतील?