बावखलाचा हप्ता

भुईगाव, वसई
तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस

प्रिय सॅन्टनदादास,

काशिनाथचा नमस्कार आणि जय येशू. (दोन्ही एकदम घालतो, म्हणजे थेरेसावहिनींना वेगळा कागद नको.) मेलबर्नला आता उन्हाळा लागत असेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझ्या जोआनाच्या मुलांना मराठी कळू लागलं का, की अजून 'जेवलास का' याच्यापुढे गाडी गेलेली नाही? इकडे मी ठणठणीत आहे. मंदा बरी, सुजय आणि सूनबाई दिशा बरी. तुमचं घरही बरं आहे. दर रविवारी दारं-खिडक्या उघडून वारा देतो, आणि तुझ्या आईच्या आल्तारावर मंदा दोन फुलं ठेवते. (या दिवसांत अनंत नसतो म्हणून जास्वंद. आईंना चालली असती की नाही, ते कळव.) फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. तर फोनवर मला तुझं अर्धं कपाळ आणि जोआनाच्या छतावरचा पंखा दिसतो, आणि आपण बोलायला लागलो की दोन्ही घरं मागे येऊन उभी राहतात. काही गोष्टी दोघांनीच बोलायच्या असतात.

विषय असा, की आपल्या दोन घरांमधलं बावखल बुजवायचं ठरत आहे आणि त्याला तुझी लेखी संमती हवी. हे वाक्य एका दमात लिहिलं. हळूहळू लिहायला गेलो असतो तर झालंच नसतं. (नातवंडांनी बावखल म्हणजे काय असं विचारलं तर सांग, विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, वाडीला पाणी द्यायला पणज्यांनी खणलेलं. 'पॉन्ड' सांगू नकोस, त्यांना बदकं दिसतील.) रहाटाच्या खांबापासून उंबरापर्यंत रेघ ओढली तर उत्तरेचं पाणी तुझं, दक्षिणेचं माझं. आपल्या दोघांच्या वडिलांनी ही रेघ कागदावर घातली आणि नंतर कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. मरळ माशांनी तर नाहीच.

कारण विचारशील तर विमा. मागच्या पडवीवर स्लॅब टाकायला सुजयने बँकेचं कर्ज काढलं, तेव्हापासून बँकेच्या आग्रहाने घर विम्यात आहे, आणि गाडी तर कायद्यानेच असते. आजवर हप्ता केळीच्या एका खेपेत निघायचा. यंदा कागद आला तर घराचा जवळपास दुप्पट आणि गाडीचाही तसाच वर चढलेला. मंदाने तो दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. आपला एजंट म्हणजे प्रितेश. कामणच्या बळीरामचा धाकटा. (बळीराम म्हणजे तोच, जो आपल्या दोन्ही गोठ्यांना पेंढा घालायचा आणि बैलांना नावाने हाक मारायचा, माणसांना मात्र 'ओ' म्हणायचा.) प्रितेश म्हणाला की कंपनीने समुद्राकडच्या सगळ्या गावांचा नव्याने विचार चालवलाय, तेव्हा एक नवा तपशीलवार फॉर्म भरा, म्हणजे काही कमी होतं का बघू.

आता 'तपशीलवार' हा शब्द माझ्यासमोर उच्चारू नये, हे तुला ठाऊक आहे, बळीरामच्या मुलाला ठाऊक नव्हतं. मॅट्रिकनंतर मला कोणी काही शिकवलेलं नाही. मोटारपंप मी उघडून शिकलो आणि इंग्रजी शब्दकोश उघडून. त्यामुळे विम्याची पॉलिसी तळटिपांतल्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट वाचणारा या पंचक्रोशीत मी एकटाच असेन. फॉर्ममध्ये प्रश्न होता की घराजवळ पाण्याचा उघडा साठा आहे काय. मी बावखलाची लांबी-रुंदी, श्रावणातली आणि वैशाखातली खोली, काठावरचा उंबर, त्यात येणारा खंड्या, असं सगळं लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून जोडपत्र लावलं. घरात ज्वालाग्राही पदार्थ ठेवता काय? हो. झावळ्या, करवंट्या, केळी सुकवून केलेली सुकेळी बांधायची सोपटं आणि गणपतीतले उरलेले फटाके, कोणत्या डब्यात आहेत त्या खुणेसकट. गाडी कुठे उभी असते? फाटकाजवळच्या बाणवली नारळाखाली. हा नारळ वारा दक्षिणेचा असला की नेमका टपावर फळ टाकतो. एरवी बाजूला टाकतो. (तू कबूल करशील, ही माहिती कोणालाही उपयोगीच आहे.) पूर्वी कधी पुराचं पाणी आलं होतं काय? इथे मी आजोबांपासून सुरुवात केली.

फॉर्म पाहून प्रितेशने आधी जोडपत्राची पानं मोजली. मग म्हणाला, "काका, होय का नाय एवढाच लिवाचा होता. तुमी त पुरान लिवला." मी म्हटलं, खोटं एक अक्षर दाखव. तो म्हणाला तेच तर, खोटा असता तर खोडता आला असता. माझ्या एकेका खऱ्या उत्तराने हप्ता वाढला होता. खंड्याचे पैसे लावले नाहीत, एवढंच.

गाडीचं तर आणखी मजेदार. पावसाळ्यात सुजय तिला घेऊन सासुरवाडीला नालासोपाऱ्याला गेला. तिथे नव्या टॉवरच्या तळघरात पार्किंग, लिफ्टजवळ, आरशासारखी फरशी. त्या रात्री तळघर भरलं आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. दुसऱ्या दिवशी गाडीतून काढलेल्या पाण्यात दिशाच्या माहेरच्या चपला निघाल्या. त्याच रात्री इकडे भुईगावात आपल्या ओटीच्या पायरीला पाणी लागलं नव्हतं, कारण जे पडलं ते बावखलाने पोटात घेतलं आणि जिरवत बसलं. पण विम्याच्या दफ्तरी काय नोंद? गाडी भुईगावची, गाडी पाण्यात बुडाली, आणि भुईगावच्या घरापुढे तर उघडं पाणी (पाहा जोडपत्र). टॉवरच्या तळघराचं नाव कुठे नाही.

मग पाहणीला एक मुलगी आली. रचना नावाची, हुशार, बोलायला गोड, हातात ती काचेची पाटी. घर पाहिलं, फटाक्यांचा डबा पाहिला, नारळाकडे वर पाहिलं आणि चटकन बाजूला झाली. वारा उत्तरेचा होता, मी तसं सांगितलंही. मग म्हणाली बावखलाचा फोटो हवा. मी म्हटलं, ताई, तिसऱ्या पायरीवर शेवाळ आहे, चौथीवर उभ्या राहा. ती बिचारी वरून मोजत होती आणि मी खालून. घसरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, घाबरली नाही, रडली नाही, पण पाटी गेली. आता पाहुणीची वस्तू आपल्या पाण्यात गेली म्हणजे ती आपणच काढायची. मी सदरा काढला. मंदा ओटीवरून म्हणाली, "तुमचं वय काय, तुम्ही करताय काय?" मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी उडी घेतली.

दादा, तळाला अजून तोच थंड, काळा, लोण्यासारखा गाळ आहे. डोळे मिटलेले होते तरी मला सगळं दिसत होतं. पाठीला सुक्या नारळांची जोडी बांधून तू मला इथेच ढकललं होतंस, आणि मी ओरडलो तेव्हा तुझे बाबा वरून म्हणाले होते की ओरडतो तो बुडत नाही. दर वैशाखात दोन्ही घरं आणि अर्धी आळी मिळून गाळ काढायची. तो टोपल्यांनी राजेळी केळींच्या बुंध्याला जायचा, आणि संध्याकाळी तुझी आई सगळ्यांना नारळाचा रस घातलेल्या शेवया वाढायची. हाताला काही गोल लागलं म्हणून घेऊन वर आलो. ती पाटी नव्हती. रहाटाचा, पाणी उपसायचा मोगा होता. तोंड जरा फुटलेला, पण अख्खा. आणि गळ्यापाशी खिळ्याने कोरलेला क्रूस.

आठवतं ना? रहाटाच्या माळेवर मातीचे मोगे दोन घरांचे एकाआड एक बांधलेले असायचे. तुमच्यांवर क्रूस, आमच्यांवर दोन आडव्या रेघा, म्हणजे फुटला तर कोणी भरायचा ते लगेच कळावं. पण माळ दोघांची असल्याने कोणाचाही फुटला तरी पाणी दोघांचंही कमी व्हायचं, म्हणून ज्याला आधी दिसेल तो नवा बांधायचा, आणि खुणा करायच्या त्या बायका करत बसायच्या, भांडायला काहीतरी हवं म्हणून. वादळात आमची कौलं उडाली तेव्हा तुझे बाबा स्वतःच्या परसातला कौलांचा थर उचलून आले होते. आळीत प्रत्येक घर एक थर जास्तीचा ठेवायचं, आपल्यासाठी नव्हे, ज्याची उडतील त्याच्यासाठी. मला विमा कळलेला आहे तो एवढाच. त्याला नूतनीकरण लागत नसे आणि तारांकित अटी नसत.

(दुसऱ्या बुडीत पाटीही मिळाली. चालू होती. रचनाने अहवालात सगळं इमानाने लिहिलं: 'पाण्यात पडण्याचा धोका प्रत्यक्ष अनुभवला, घरमालकाने तत्परतेने मदत केली.' पहिल्या अर्ध्या वाक्याने हप्ता वाढतो, दुसऱ्याने कमी होत नाही. जाताना मंदाने तिला कोरडी साडी आणि सुकेळीचा एक जुडा दिला. तिने साडी इस्त्री करून परत पाठवली.)

तर आता हिशेब साधा आहे. प्रितेशने विचारून सांगितलं, बावखल बुजवलं आणि त्या जागी गाडीला शेड घातली तर दोन्ही हप्ते खाली येतील. सुजय दिवसभर नोकरी करतो, कर्जाचा हप्ता फेडतो, त्याने एक दिवस ताटावर बसून शांतपणे मांडलं की बाबा, रहाट नाही, बैल नाहीत, पाणी पंपाने येतं, मग हे कशासाठी? मी आयुष्यभर लोकांना कारणं विचारली आहेत. मला एकही कारण देता आलं नाही. तलाठी, परवानगी, भराव, सगळं तो बघणार आहे. मी त्याला शब्द दिला की सॅन्टनदादाला मी स्वतः लिहीन आणि संमती मागीन. ती या पत्राने मागितली आहे. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून सही करून पाठव, पुरे. जोआनाच्या घराचा विमाही जंगलातल्या वणव्यांमुळे वाढला असं तू म्हणाला होतास, तेव्हा तुला आमची अडचण समजेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मोगा धुऊन तुळशीपाशी ठेवला आहे. उद्या लग्नात त्याच्यात पाणी भरायचं मंदाच्या मनात आहे. फुटक्या बाजूने गळतं, मी सांगितलं. ती म्हणाली, गळू दे.

तुझा,
काशिनाथ

ता. क. १ : वरचं पत्र सुजयने वाचलं आणि 'बरोबर आहे' म्हणाला. संमतीपत्रावर तारीख घालायला विसरू नकोस.

ता. क. २ : सुजय कामावर गेला. आता नीट वाच. संमती देऊ नकोस. हरकत घे. लेखी, कडक, इंग्रजीत, जोआनाच्या कंपनीच्या छापील कागदावर असेल तर उत्तमच. सुजय इंग्रजीपुढे वाद घालत नाही. कारण काय ते तूच शोध, मला सापडलं नाही. भावना वगैरे लिहू नकोस, तो हसेल. 'माझ्या हिश्श्याचं पाणी' असं काहीतरी लिही, रेघ काढली होती ती आता तरी कामाला येऊ दे. मी शब्द पाळून संमती मागितली आहे. ती मिळावी असा शब्द मी दिलेला नाही. हप्ता मी भरतो. यंदाची सुकेळी विकून आणि चहा बिनसाखरेचा पिऊन. फक्त मी असं सांगितलं हे कुठे फुटू देऊ नकोस.

ता. क. ३ : सॅन्टनभाऊजी, मी मंदा. पाकीट टाकायला माझ्याकडे दिलं तेव्हाच मला कळलं, एवढी खळ लावून कोणी चिकटवत नाही. 'मी ठणठणीत' हे खरं नाही. त्या बुडीपासून दहा दिवस अंथरुणाला आहेत, छाती भरली आहे, डॉक्टर ॲन्सेल्म दोनदा येऊन गेले. हे पत्रही आडवं पडून लिहिलं आहे. काल तापात रहाट हाकत होते. सुजय रात्रभर उशाशी होता. सकाळी त्याने तुळशीपाशी जाऊन मोगा उचलून पाहिला, परत ठेवला. ता. क. दोन मी त्याला दाखवला. वाचून म्हणाला, "आई, सॅन्टन अंकलचं इंग्रजी येऊ दे, मग मी हरतो." तेव्हा हरकत पाठवाच, म्हणजे बापलेक दोघांचाही मान राहील. पण गाडीला नारळाखालून हलवायलाच हवं. तुमचा गोठा रिकामा आहे, छप्पर चांगलं आहे, तिथे ठेवली तर तेवढा तरी हप्ता उतरेल असं प्रितेश म्हणतो. गोठ्याची चावी तुमच्याच जुडग्यात आमच्या खुंटीला आहे. घर दर रविवारी उघडतो, पण गोठ्याला ती अजून लावलेली नाही. तुम्ही हो म्हणाल, मग लावू.