अठ्ठेचाळीस वेढे

आप्पा, "मिस्तरी, तुमी आता डोळं दाखवून घ्या कुनाला तरी," असं तो पेरूच्या बागेचा मालक दुकानाच्या दारात उभं राहून तुम्हाला म्हणाला, तेव्हा मी आत पोत्यावर बसून जळक्या तारा सोडवत होते. तो ओरडला नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्हीही चार शब्द सुनावले असते आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण तो काळजीनं बोलला, आणि काळजीनं बोललेलं तुम्हाला खरं वाटायचं. तुम्ही चष्मा काढलात, शर्टाच्या टोकानं पुसलात, आणि परत डोळ्यांवर घातलात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्या दुपारबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला एका वेगळ्याच कामानं भाग पाडलं आहे.

मी इथं संगमनेरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, हे तुम्ही पाहून गेलात. आमच्या लॅबमध्ये चौदा जुनी यंत्रं आहेत. नवी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना पेलत नाही, म्हणून ती मोडीत काढायचं ठरलं होतं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र सुरू झाल्यावर आधी जागा होणारा आणि बाकीच्यांना कामं वाटून देणारा कारभारी. सगळे जण ती तयार आणतात. मी ठरवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण स्वतः बनवायची, मुळापासून, या यंत्रांना झेपेल एवढीच. माणसांनी लिहिलेला तिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कुणालाही मिळतो आणि वाचता येतो. त्याचा एकेक तुकडा घ्यायचा, यंत्राला कळेल अशा रूपात आणायचा, तपासायचा, जागेवर बसवायचा, आणि मग पुढचा घ्यायचा. आमचे एक सर रोज डोकावून जातात. "मॅडम, तयार पीठ मिळत असताना जात्यावर बसलात की," म्हणतात. "आणि गहूही घरीच पेरलेत वाटतं." मी हसते. तुम्ही हसला नसता. तुम्ही विचारलं असतं, आधीची कुनी भरली हुती?

कारण हे मोटार भरण्यासारखंच आहे, आप्पा. राहात्यातल्या तुमच्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात विहिरीवरच्या जळक्या मोटारी यायच्या. जळालेलं तांबं छन्नीनं कापून काढायचं, खाचा साफ करायच्या, नवा कागद घालायचा, नव्या तारेचे वेढे बसवायचे, वॉर्निश ओतायचं आणि मोटारीच्या पोटात दोनशेचा बल्ब लावून ती वाळवायची. दुपारभर त्या बल्बच्या उजेडात मोटार आतून पिवळी दिसायची. आई म्हणायची, एवढी ऊब तर बाळंतिणीलाही कुणी देत नाही. आणि नवी तार घालण्याआधी जुन्या मोटारीचा डाटा घ्यायचा: तार किती जाड आणि एका गुंडाळ्यात वेढे किती. डाटा हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांना कॉलेजात आल्यावर कळतो. मी तो तुमच्या दुकानात ऐकला, नाकात वॉर्निशचा कडू वास जात असताना.

माझ्या या कामात मजकुराचं रूपांतर करणारं एक हत्यार लागतं, कंपाइलर. ते आधी दुसऱ्याच्या सिस्टीमचा आधार घेऊन बनवायचं, मग त्याच्याच मदतीनं आपलं नवं हत्यार घडवायचं, आणि ते झालं की उसनं आणलेलं सगळं टाकून द्यायचं. वेढे गुंडाळायचा लाकडी साचा तुम्ही असाच केला होतात. पहिला तुमच्या उस्तादाच्या साच्यावरून, दुसरा त्या पहिल्यातल्या चुका काढून. पहिला आईनं सरळ चुलीत घातला आणि तुम्ही दिवसभर तिच्याशी अबोला धरलात. हे आठवलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच मोठ्यानं हसले.

मग पंधरवड्यापूर्वीची ती दुपार. कंपाइलर तयार झाला की त्याला हजारो छोट्या परीक्षा द्यायला लावतात. जुन्या यंत्रावर त्याला तासन् तास लागतात. दोन-चार परीक्षांत तो नापास होतो, तेवढं चालतं. पहिल्यांदा तो सहा परीक्षांत नापास झाला. मी पुन्हा लावलं, तेव्हा दोन. मजकूर तोच, यंत्र तेच, तर उत्तरही तेच यायला हवं. दोन वेगळी उत्तरं म्हणजे कुठंतरी नक्की काहीतरी बिघडलेलं आहे, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मी वहीत दोन लिहिलं आणि पुढचा तुकडा घेतला. माझा हात थांबला नाही, अक्षरही हललं नाही. थोड्या वेळानं मी त्या आकड्याकडे पाहिलं आणि मला भीती वाटली. हे या हातानं पूर्वी केलेलं होतं.

मी चौदा वर्षांची आहे. शाळेत कॉम्प्युटर आलेला आहे, अख्ख्या शाळेत एक. तो हेडसरांच्या शेजारच्या खोलीत पांघरूण घालून ठेवला आहे आणि आज आमच्या वर्गाची पाळी आहे. चपला बाहेर काढायच्या, रांगेनं आत जायचं, प्रत्येकीनं एक बटण दाबायचं. चारला दार बंद होणार. आणि तुम्ही माझ्यापुढे पेरूवाल्याच्या मोटारीचा कापलेला गुंडाळा ठेवला आहे. ती मोटार आधी कुणी कुठल्या हिशेबानं भरली होती, देव जाणे. तुमच्या अंदाजात ती बसत नव्हती, म्हणून मोजण्यावरच सगळी भिस्त. तारा जळून एकमेकींना चिकटलेल्या. मी दाभणानं एकेक सुटी करते आणि मोजते. अठ्ठेचाळीस. तुमचा नियम होता: दोनदा मोजायचं, जुळलं तरच वहीत, न जुळलं तर तिसऱ्यांदा. मी दुसऱ्यांदा मोजते. चोपन्न. समोरच्या घड्याळात पावणेचार झालेत. मी वहीत अठ्ठेचाळीस लिहिते आणि उठते. तुम्ही मान वर न करता विचारता, "दोनदा मोजलं ना, बाई?" आणि मी म्हणते, हो आप्पा. खोटंही नव्हतं ते. दोनदा मोजलेच होते.

मी वेळेत पोहोचले. एक बटण दाबलं, काळ्या काचेवर एक हिरवं अक्षर उमटलं, आणि मागची मुलगी म्हणाली, झालं का तुझं, सरक. आज मी ज्या कामावर जगते त्याची सुरुवात त्या बटणापासून झाली असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. सगळ्यांना फार आवडलं ते.

नवव्या दिवशी मोटार जळाली. झाडांना फळ धरलेलं, ऊन तापू लागलेलं, पाण्यावाचून सुपारीएवढे पेरू गळून पडले. तुम्ही मोटार उघडलीत. जुना गुंडाळा मोडीत गेलेला, तेव्हा ताडून बघायला वहीशिवाय काही नव्हतं. वहीत अठ्ठेचाळीस होते आणि तुम्ही घातलेलेही अठ्ठेचाळीसच. वेढे कमी पडले की मोटार तापते, तार बारीक गेली तरी तापते. वेढे मी मोजले होते. तारेची जाडी तुम्ही मापली होती, मायक्रोमीटरच्या त्या केसासारख्या रेघा वाचून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता विचारणार. पण तुम्ही विचारलं नाहीत. मी एकदा हो म्हटलं होतं आणि तुमच्या लेखी ते तिथंच संपलं होतं. मग राहिलं काय? तुमचे डोळे. आणि नेमका तेव्हाच बागवाला दारात येऊन ते वाक्य बोलला.

त्यानं ती मोटार तुम्हाला परत भरायला दिली नाही. त्यानंतरचं वर्ष मी रोज थोडं थोडं पाहिलं. तुम्ही एकच तार चार वेळा मापायला लागलात. मग मला हाक मारून रेघा वाचायला लावायला लागलात. शेजारच्या सायकलवाल्यालाही बोलवायचात, आणि तो चेष्टेनं म्हणायचा, "मिस्तरी, मापून मापून तार झिजंल की." तुम्ही पूर्वी त्याला उलटून बोलला असतात. आता नुसते हसायचात. गिऱ्हाईक समोर असलं की मात्र माझ्याकडे बोट दाखवून सांगायचात, "मोजनी पोरीची हाय. ती चुकत न्हाई." प्रत्येक वेळी मला जमिनीत जावंसं वाटायचं. आणि प्रत्येक वेळी मी, आप्पा, खाली मान घालून मोजत राहायचे. दोनदा, तीनदा, कधी पाचदा. त्यानंतर माझी मोजणी खरंच कधी चुकली नाही. पण तुम्ही दुकान बंद केलंत आणि दुधाच्या शीतकरण केंद्रावर पंप चालू-बंद करायची नोकरी धरलीत. आईला सांगितलंत की बारीक काम आता झेपत नाही. तुम्ही त्रेचाळीस वर्षांचे होतात. माझं आजचं वय तुमच्या त्या वयाहून एकानं जास्त आहे.

हे सगळं तरी पोरवयातलं म्हणून सोडून देता आलं असतं. पुढचं तसं सोडता येत नाही. मी नोकरीला लागले होते, चोवीस वर्षांची होते, आणि तुम्हाला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले की डोळे छान आहेत, वयाच्या मानानं नंबरही फार नाही, आणि पूर्वी काही झाल्याचीही खूण नाही. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीकडे बसला होतात. राहुरी गेली, कोल्हारचा पूल आला, प्रवरेत पाणी कमी होतं. तुम्ही नदीकडे बघत होतात. मग म्हणालात, "डोळं चांगलं हाय म्हनत्यात. मंग ती मोटार कशानं जळली आसंल गं?"

दहा वर्षं झाली होती, आणि कुठली मोटार हे तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. बसमध्ये गर्दी नव्हती. कुणाची घाई नव्हती, कुठलं दार चारला बंद होणार नव्हतं. मी म्हणाले, "लाईट डीम असेल, आप्पा. तेव्हा कुठं व्होल्टेज मिळायचं." आपल्याकडे कुठल्याही जळक्या मोटारीला ते कारण चालतं. तुम्ही मान हलवलीत. "व्हय, आसंल," म्हणालात, आणि मग बाभळेश्वर येईपर्यंत हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवत राहिलात, चिमटीत तार धरल्यासारखे. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. ते बोट फिरवणं मला समजत होतं. तुम्ही त्या मोटारीचा शोध अजून थांबवला नव्हता, आणि उत्तर तुमच्या शेजारी तिकीट हातात धरून बसलं होतं.

पंधरवड्यापूर्वी, लॅबमधल्या त्या दुपारी, मी वहीतला तो आकडा खोडला. यंत्र उघडलं, तपासलं. मेमरीची एक पट्टी खराब निघाली. तिच्यामुळेच एकदा सहा आणि एकदा दोन. म्हणजे त्या यंत्रावर मी आजवर जे जे घडवलं होतं, त्यातलं कुठलं सरळ आणि कुठलं वाकडं, सांगता येत नव्हतं. मी अकरा दिवसांचं काम पुसून टाकलं. जात्यावरून चिडवणारे सर दारात उभे होते. "अहो, कुणाला कळलं असतं," ते म्हणाले, आणि त्यात चेष्टा नव्हती, खरोखर वाईट वाटलं होतं त्यांना. मी पट्टी बदलली आणि पहिल्या तुकड्यापासून पुन्हा लावलं. आज परीक्षा झाल्या. पहिल्यांदा तीन नापास, दुसऱ्यांदाही तेच तीन. जुळलं. मला आनंद व्हायला हवा होता. यंत्राला पुसून पुन्हा पहिल्यापासून लावता येतं, आप्पा. तुमचं त्रेचाळिसावं वर्ष मला तसं लावता येत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं. अजून एक कबूल करते. ही मोटारीची गोष्ट मी दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगते, तपासणीचं महत्त्व कळावं म्हणून. पोरं मन लावून ऐकतात. त्या गोष्टीत मोजणारी मुलगी मात्र मिस्तरीच्या शेजाऱ्याची असते.

तुम्ही रागवावं असं मी मागत नाही. ते तुम्हाला कधी जमलं नाही. एवढंच मागते, की तुम्ही जिथं कुठं बसून अजून ती मोटार उघडत असाल, तिथं एकदाच हात थांबवा आणि माझ्यावर संशय घ्या. तुम्ही घेणार नाही, हे मला ठाऊक आहे.