नऊ धोंडे निवडणाऱ्याची निरवानिरव

मी, एमिल जोसेफ ग्राबोव्स्की, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार टोलेडो, ओहायो, वर्तमानपत्रातला निवृत्त बेसबॉल-लेखक, पूर्ण शुद्धीवर आणि कोणी भरीस न घालता हे लिहितो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. टाइपरायटर बर्निसला द्यावा. तिच्या दारूच्या गुत्त्यावर बसूनच मी एकतीस वर्षे दर ऑक्टोबरात 'वर्षाचे नऊ धोंडे' निवडले. मोठ्या लीगमधला प्रत्येक जागेवरचा सगळ्यात वाईट खेळाडू, असा नऊ जणांचा संघ. तिचे मागचे दार उघडे ठेवायला काहीतरी जड लागते, त्याला टाइपरायटर चालेल.

२. संपादकांनी निरोपाच्या दिवशी दिलेली पितळी पाटी त्यांनाच परत करावी. तिच्यावर माझे नाव चुकलेले आहे. अठ्ठावीस वर्षे त्यांच्या हाताखाली काढली.

३. माझी दिवंगत पत्नी इर्मा हिचे दागिने तिच्या भावजयीला, म्हणजे व्हर्जिनियाला द्यावेत. ती ते घेणार नाही. तरी द्यावेत.

४. घर, आवार आणि घर ऊबदार ठेवणारी तळघरातील भट्टी व्हर्जिनियाचा मुलगा रेमंड क्लिमेक याला मिळावी. कारण लिहून ठेवतो.

धोंड्यांच्या संघाला एकच नियम होता: खेळाडू त्या वर्षी शंभर सामने खेळलेला हवा. वाईट ठरायलासुद्धा रोज मैदानावर उतरावे लागते, आणि रोज कोणी उतरवते ते विश्वास असतो म्हणून. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली रेमंड मोठ्या लीगमध्ये शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक; पहिलेच वर्ष. बॅट चालत नव्हती, हातून चेंडू सुटत होते. गुत्त्यावर सगळे मला डिवचू लागले. "काय एमिल, यंदा घरचा धोंडा गाळणार वाटतं?" बर्निस म्हणाली, "बायकोला भितो हो तो!" सगळे हसले.

रेमंडचे सामने चौऱ्याण्णव होते. मी एकशे चार छापले आणि त्याला धोंड्यांत घेतले. ती नजरचूक नव्हती. मला त्या टेबलावर निःपक्षपाती दिसायचे होते.

पुढच्या वसंतात तो बॅट घेऊन आला की प्रेक्षक "धोंड्या! धोंड्या!" ओरडत. जूनमध्ये संघाने त्याला काढले. आता तो लोकांच्या भट्ट्या दुरुस्त करतो. मेव्हणा, म्हणजे रेमंडचा बाप, माझ्याशी न बोलताच मेला. इर्मा बोलायची, पण जेवायला बसताना खुर्ची वळवून घ्यायची. माझी लाज मला उशिरा वाटली, आणि ती कोणी मागितलीही नाही.

५. माझ्या मागे प्रार्थना म्हणू नये. म्हणायचीच तर इर्मासाठी म्हणावी.

६. (हाताने लिहिलेले.) आज माझी सही घेण्यासाठी वकील हॉलरन घरी आले. शेजारीण साक्षीदार म्हणून येणार होती, ती बर्फात अडकली. रेमंड भट्टी बघायला आला होता. मी त्याला वरचे सगळे वाचून दाखवले. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

मग म्हणाला, "साक्षीदार हवाय ना? पेन द्या."

हॉलरन म्हणाले, "अहो, तुम्ही नका करू सही. साक्षीदाराला घर मिळत नाही, कायदाच आहे तसा."

"कळलं मला."

मी म्हटले, "रेमंड, अरे घर जाईल तुझं."

"जाऊ दे, काका. माझं नाव एकदा तुम्ही छापलंत. या कागदावर ते मी माझ्या हातानं लिहितो."

हॉलरन दुसरा साक्षीदार शोधू म्हणाले. मी नको म्हटले. घर आता कायद्याने फ्लोरिडातल्या चुलतभावाकडे जाईल. मी त्याला कधीच आवडलो नाही.

हे सर्व मी वाचले, मला समजले, आणि माझ्या सहीने कायम केले.

एमिल जोसेफ ग्राबोव्स्की

साक्षीदार:
१. फ्रान्सिस हॉलरन, वकील
२. रेमंड टी. क्लिमेक, शॉर्टस्टॉप

टोलेडो, ओहायो, ९ फेब्रुवारी १९९६