शालूचं सेरोटोनिन

४ जुलै १९७७, सांगली
आजपासून संशोधन. पाच महिने झाले, शालू हसत नाही, धड बोलत नाही. ताट वाढते आणि उठून जाते. शेजारपाजारचे म्हणतात, लेक गेली त्याचा धक्का आहे. धक्का ही काय सायंटिफिक टर्म झाली? खरं कारण मला कॉलेजच्या लायब्ररीत एका जुन्या जर्नलात सापडलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. ते जिथं जाऊन बसतं तो रिसेप्टर. कुलूपच म्हणा. शालूचं सेरोटोनिन कमी पडलंय. सिंपल.
माझं नॉर्मल आहे.

६ जुलै
शेणावरच्या काही कुत्र्याच्या छत्र्यांत सिलोसायबिन असतं. पोटात गेलं की त्यातला फॉस्फेट सुटतो, सिलोसिन उरतं. त्याचा सांगाडा अगदी सेरोटोनिनचा भाऊ! ओएच पाचव्या जागेऐवजी चौथ्या जागी, आणि नायट्रोजनवर दोन मिथाइल जास्त. भास होतात म्हणे. होईनात का. डोस मी ठरवणार. मी केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर आहे, भोंदू नव्हे.
शालूला आकृती काढून समजावलं. भात करपेल म्हणाली.

९ जुलै
ओळखायची खूण: चुरगळली की निळी पडते. परसातल्या उकिरड्यावरच्या अठ्ठावीस चुरगळल्या. सगळ्या काळ्या पडल्या. लॅबमधला शिपाई गुंडा म्हणाला, ही म्हशीच्या शेणावरची, गाईची बघा. त्याला केमिस्ट्रीतलं काय कळतंय!
उद्या गाईचं शेण बघणे.

१४ जुलै
एक किंचित निळसर वाटली. शालूला देण्याआधी स्वतः खाल्ली.
४.१० काही नाही.
४.४० काही नाही.
५.०५ नंतर नोंदी ठेवता आल्या नाहीत. सात वेळा जावं लागलं. शालूनं ताक दिलं, बराच वेळ पाठीवरून हात फिरवत बसली. एकूण प्रयोग फुकट.

१९ जुलै
येताना लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. सवयीनं. दारापाशी आल्यावर लक्षात आलं. बाहेरच उभा राहून सगळ्या खाल्ल्या. मेंदूला साखर लागतेच.

२४ जुलै
औंधहून मेहुणा आला, नाथाजी. बहिणीला थोडे दिवस नेतो म्हणाला. मी एक आठवडा मागून घेतला आणि त्याला रिसेप्टर समजावले. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, दाजी, तुमी जरा झोपत जावा.

२९ जुलै, सकाळ
निळ्या! उकिरड्याच्या कडेच्या अकराच्या अकरा! आणि न चुरगळता! नवीन जात असणार. मुंबईच्या एका प्रोफेसरांना एक्स्प्रेस पत्र टाकलं. जातीला नाव शालूचं द्यायचं. तेव्हा तरी हसेल.

२९ जुलै, संध्याकाळ
तिला हाताला धरून परसात नेलं. तिनं वाकून बघितलं.
"आवं, नीळ हाय ती. बनूचं फ्रॉक धुतलं, त्येचं पाणी हितं वतलं."
आत्ता कशाला धुतले, विचारलं. नाथाजीच्या धाकटीला होतील म्हणाली. उद्या जायचं ठरवलंय तिनं. पाच महिने रोज काढून बघत होती, पाण्यात घालायला हात धजत नव्हता म्हणे. मला हे माहीतच नव्हतं.
दोरीवर चार फ्रॉक होते. एक काढून नाकाला लावला. नुसता साबण. मी ओरडलो तिच्यावर. धुतलेस कशाला, तिचा वास होता त्याला, मला विचारायचंस तरी!
शालू म्हणाली, "तुमी कवा इच्यारलंसा?"

३० जुलै
शालू नऊच्या एस.टी.नं गेली. कधी येणार ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
स्टँडवरून तसाच तार ऑफिसात गेलो. प्रोफेसरांना कळवायचं होतं, पत्र फाडून टाका, चूक झाली. फॉर्म पुढं घेतला आणि हातच चालेना. रडू यायला लागलं, थांबेना. सगळी रांग बघत होती.
खिडकीतल्या कारकुनानं हळूच विचारलं, कोण गेलं?
मुलगी, म्हटलं. पाच वर्षांची.
त्यानं माझा नंबर पुढं घेतला. कधी गेली, विचारलं.
फेब्रुवारीत, म्हटलं.